पासवर्ड बदलूनही अनोळखी उपकरण वायफायवर परत येते, तेव्हा काय तपासावे

राउटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंग्जच्या पानावर, जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी, तिच्यात आपल्या ओळखीचे नसलेले एखादे नाव दिसावे, म्हणून वायफायचा पासवर्ड बदलावा, दोन दिवस सगळे ठीक राहावे आणि तिसऱ्या दिवशी तेच किंवा तसलेच नाव पुन्हा यादीत यावे, ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. या टप्प्यावर बहुतेक जण पासवर्ड पुन्हा बदलतात, आधीपेक्षा अवघड ठेवतात, घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो पुन्हा भरतात, आणि काही दिवसांनी त्याच जागी येऊन थांबतात.

पासवर्ड बदलूनही उपकरण परत येत असेल, तर तीनपैकी एक गोष्ट खरी असते. एक तर ते उपकरण परके नाहीच. किंवा नवा पासवर्ड त्याच्यापर्यंत कोणीतरी अथवा काहीतरी पोहोचवत आहे. किंवा ते अशा वाटेने आत येत आहे जिथे हा पासवर्ड विचारलाच जात नाही. तिन्ही परिस्थितींत पासवर्ड आणखी लांब करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. म्हणून पुढील तपासणीत नवा पासवर्ड ठेवण्याचे काम मी मुद्दाम सर्वांत शेवटी घेतले आहे. आधी वाट सापडली पाहिजे.

ते उपकरण खरोखर परके आहे का

हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा उत्तर ‘नाही’ असेच निघाले आहे.

राउटर प्रत्येक उपकरणाला त्याच्या मॅक पत्त्यावरून ओळखतो. हा पत्ता ४८ बिटांचा असतो आणि दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्यांत लिहिला जातो. पूर्वी तो कारखान्यातच ठरलेला असे आणि त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून उत्पादक कोण हे कळत असे. आता फोन हा पत्ता स्वतःच तयार करतात. अँड्रॉइडच्या २०१९ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनच्या २०२० साली आलेल्या आयओएस १४ पासून, माग काढला जाऊ नये म्हणून, प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी फोन वेगळा यादृच्छिक पत्ता वापरतो, आणि ही सोय मुळातच चालू असते. हा पत्ता नेटवर्कच्या नावाशी बांधलेला असल्यामुळे नेटवर्कचे नाव बदलले की त्याच फोनचा पत्ताही बदलतो. याचा परिणाम नीट लक्षात घ्यावा: घाबरून आपण नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलतो, घरातले फोन पुन्हा जोडतो, आणि राउटरच्या दृष्टीने ते सगळे फोन नवीन असल्यामुळे यादीत एकदम चार-पाच अनोळखी नोंदी उमटतात. ज्या उपायाने धोका टळायचा, त्यानेच भीती वाढते.

असा तयार केलेला पत्ता ओळखण्याची एक साधी खूण आहे. पत्त्याच्या पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह २, ६, ए (A) किंवा ई (E) यांपैकी असेल, तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नसून उपकरणाने स्वतः तयार केलेला आहे. अशी नोंद बहुधा कोणत्यातरी फोनची, टॅबलेटची किंवा लॅपटॉपची असते. त्या-त्या फोनच्या वायफाय सेटिंग्जमध्ये, जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात, त्याचा सध्याचा पत्ता दिसतो. तो यादीतील पत्त्याशी ताडून पाहावा.

दुसरा गोंधळ नावांमुळे होतो. स्मार्ट दिवा, प्लग, कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर अशी उपकरणे यादीत स्वतःच्या नावाने येतीलच असे नाही. त्यांच्या आतील वायफाय चिप दुसऱ्याच कंपनीची असते आणि राउटर त्या चिप बनवणाऱ्या कंपनीचे नाव दाखवतो. ‘एस्प्रेसिफ’ हे नाव पाहून कोणीतरी हेरगिरी करत आहे असे वाटू शकते. प्रत्यक्षात ती अनेक स्मार्ट दिव्यांत आणि प्लगांत बसवल्या जाणाऱ्या चिपची उत्पादक आहे.

तिसरे कारण यादीच्या स्वरूपात आहे. कित्येक राउटरांच्या पानावर दोन याद्या असतात: एक या क्षणी वायफायवर असलेल्या उपकरणांची आणि दुसरी ज्यांना आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर वापरण्यासाठी राउटरने दिलेला क्रमांक, दिला गेला होता त्यांची. आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिला जातो, अनेक राउटरांत ही मुदत २४ तासांची असते, आणि उपकरण निघून गेले तरी मुदत संपेपर्यंत त्याची नोंद राहू शकते. आदल्या संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यादीत दिसणे स्वाभाविक आहे. त्यामुळे निष्कर्ष नेहमी पहिल्या यादीवरूनच काढावा.

या सगळ्यानंतरही शंका राहिली, तर एकच खात्रीशीर मार्ग आहे, आणि तो कंटाळवाणा असला तरी टाळू नये. घरातील एकेका उपकरणाचे वायफाय बंद करत जावे, प्रत्येक वेळी यादी ताजी करून कोणती नोंद गेली ते पाहावे आणि कागदावर पत्त्यासमोर उपकरणाचे नाव लिहावे. सगळे बंद केल्यावरही एखादी नोंद टिकून राहिली आणि ती नोंद चालू उपकरणांच्या यादीत असेल, तरच ते उपकरण परके मानावे. एका परिचितांच्या घरी तीन वेळा पासवर्ड बदलून झाल्यावर मी ही पद्धत वापरली, तेव्हा परत येणारे ‘अनोळखी’ उपकरण कपाटाच्या वरच्या खणात चार्जिंगला लावून ठेवलेला त्यांचाच जुना टॅबलेट निघाला. घरातील एक सदस्य दर वेळी प्रामाणिकपणे त्याच्यातही नवा पासवर्ड भरत होता. त्यांनी तोपर्यंत तो टॅबलेट दोनदा ब्लॉक केला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची वेळ येऊ नये, यासाठी हा पहिला तास अवश्य खर्च करावा.

नवा पासवर्ड आपोआप देऊन टाकणारी सोय: डब्ल्यूपीएस

उपकरण परके असल्याचे नक्की झाले, तर माझा पहिला संशय डब्ल्यूपीएसवर असतो. लांबलचक पासवर्ड न भरता प्रिंटर किंवा टीव्ही जोडता यावा म्हणून ही सोय आली. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात राउटरवरील बटण दाबले की सुमारे दोन मिनिटे जोडणी खुली राहते. दुसऱ्यात आठ अंकी पिन विचारला जातो, आणि खरा दोष या दुसऱ्या प्रकारात आहे.

आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वरकरणी वाटते. परंतु शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून गणिताने ठरतो, आणि राउटर पिन एकदम न तपासता दोन तुकड्यांत तपासतो: आधी पहिले चार अंक, ते बरोबर असतील तरच पुढचे. पहिला तुकडा चुकला हे राउटर स्वतःच कळवतो. त्यामुळे पहिल्या चार अंकांसाठी जास्तीत जास्त १०,००० आणि उरलेल्या तीन अंकांसाठी १,०००, असे एकूण ११,००० प्रयत्न पुरतात. सुरक्षा संशोधक श्टेफान फीबॉक यांनी डिसेंबर २०११ मध्ये हा दोष प्रसिद्ध केला. चुकीच्या प्रयत्नांवर बंधन नसलेल्या राउटरचा पिन अशा प्रकारे काही तासांत सापडतो. पुढे २०१४ मध्ये डोमिनिक बोंगार या संशोधकांनी दाखवले की काही चिप या देवाणघेवाणीत लागणारे यादृच्छिक आकडे इतक्या कच्च्या रीतीने तयार करतात की राउटरशी एकदाच संवाद करून, पुढचा हिशेब स्वतःच्या संगणकावर करून पिन काढता येतो; तिथे प्रयत्नांवर घातलेले बंधनही निरुपयोगी ठरते.

आपल्या समस्येच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याच्या पुढे आहे. बरोबर पिन मिळाला की राउटर त्या उपकरणाला वायफायचा पासवर्ड देतो. कोणता पासवर्ड? त्या वेळी जो चालू असेल तो. पिन मात्र बहुतेक राउटरांवर कायमचा असतो, खालच्या चिठ्ठीवर छापलेला, आणि पासवर्ड बदलल्याने तो बदलत नाही. म्हणजे ज्याच्याकडे एकदा पिन गेला, त्याला आपला प्रत्येक नवा पासवर्ड, तो ६३ अक्षरांचा असला तरी, मागितल्याबरोबर मिळतो. ‘पासवर्ड बदलला की दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच’ या लक्षणाचे इतके तंतोतंत स्पष्टीकरण दुसरे कोणतेही कारण देत नाही.

उपाय सरळ आहे: राउटरच्या वायफाय किंवा वायरलेस विभागात डब्ल्यूपीएस पूर्णपणे बंद करावे. केवळ पिन बंद करण्याची वेगळी सोय असली तरी मी दोन्ही प्रकार बंद ठेवण्याचा आग्रह धरतो, कारण बटणाची सोय वर्षातून दोनदाही लागत नाही. बदल जतन केल्यावर राउटर पुन्हा चालू करून ती सेटिंग बंदच राहिली आहे का ते पाहावे. काही जुन्या मॉडेलांत पानावर ‘बंद’ दिसत असतानाही पिन स्वीकारला जात असल्याचे आढळले होते. असा राउटर असेल आणि त्याच्या फर्मवेअरचे (आतील मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट मिळत नसेल, तर राउटर बदलण्यावाचून पर्याय राहत नाही.

राउटरच्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो

वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्ड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि पहिला दहा वेळा बदलणाऱ्या व्यक्तीने दुसरा कधीच बदललेला नसतो. बहुतेक घरांत हे पान १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडते, आणि कित्येक ठिकाणी नाव व पासवर्ड या दोन्ही जागी कारखान्यातून आलेला एकच शब्द चालतो. जे उपकरण एकदा आत आले, ते हे पान उघडू शकते. आणि अनेक राउटर तिथे वायफायचा पासवर्ड वाचता येईल अशा स्वरूपात दाखवतात. घरातून जोडलेल्या एखाद्या संगणकावर शिरलेले घातक सॉफ्टवेअरही हेच करू शकते. अशा परिस्थितीत आपण पासवर्ड बदलतो म्हणजे तो एका उघड्या वहीत लिहून ठेवतो.

कारखान्यातील पासवर्ड किती घातक ठरतात, हे २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रामने दाखवून दिले. सुमारे साठ ठरीव नाव-पासवर्डांच्या जोड्या एकापाठोपाठ एक वापरून त्याने इंटरनेटवर उघडे असलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तो उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत असल्यामुळे वीज बंद-चालू केली की नाहीसा होई; पण पासवर्ड तोच राहिला असेल तर थोड्याच वेळात पुन्हा शिरे. निघून जाऊन परत येणारी समस्या म्हणतात ती हीच. याउलट मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या प्रोग्रामचा पहिला भाग राउटर बंद-चालू केल्यानंतरही टिकून राहत असे; ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणे त्याने बाधित केल्याचा अंदाज त्या वेळी वर्तवला गेला होता, आणि तो पूर्ण काढण्यासाठी राउटर कारखान्यातील मूळ स्थितीत आणावा लागे. म्हणून गंभीर शंका असेल तेव्हा नुसते बटण बंद-चालू करून समाधान मानू नये.

याच पानावर आणखी तीन जागा पाहाव्यात. पहिली, दूरस्थ व्यवस्थापन, म्हणजे घराबाहेरून इंटरनेटवरून हे पान उघडण्याची परवानगी; ती बंद असावी. दुसरी, डीएनएसचे पत्ते, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचे आकडे. ते सेवा पुरवठादाराचे किंवा आपण स्वतः निवडलेले असावेत, आणि तिथे आपण न भरलेला आकडा दिसला तर कोणीतरी या पानापर्यंत पोहोचले होते असे समजावे. तिसरी, यूपीएनपी, ज्यामुळे घरातील कोणतेही उपकरण आपल्याला न विचारता राउटरमध्ये बाहेरून आत येण्याची वाट उघडू शकते. खेळांच्या काही यंत्रांना तिची गरज भासते. ज्यांच्याकडे तशी गरज नाही त्यांनी ती बंद करावी.

सेवा पुरवठादाराने दिलेल्या राउटरच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुरवठादार अशा राउटरची सेटिंग्ज दुरून बदलू शकतो, आणि एखाद्या अपडेटनंतर किंवा तक्रार निवारणाच्या वेळी केलेल्या रीसेटनंतर आपण बंद केलेले डब्ल्यूपीएस किंवा जुने नेटवर्क पुन्हा चालू झालेले आढळू शकते. यात घुसखोर कोणीच नसतो, पण दार मात्र उघडे राहते. प्रत्येक दुरुस्तीनंतर ही पाने पुन्हा पाहण्याची सवय ठेवावी.

विसरलेली दुसरी नेटवर्के

आपण ‘वायफायचा पासवर्ड बदलला’ असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात कोणत्या नेटवर्कचा बदलला, हे तपासावे लागते. दोन बँडांच्या, म्हणजे दोन वेगवेगळ्या वारंवारतांवर चालणाऱ्या, राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ यांची सेटिंग्ज अनेकदा वेगवेगळ्या पानांवर असतात. एकाचा पासवर्ड बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलत नाही. पाहुण्यांसाठीचे गेस्ट नेटवर्क कधीकाळी चालू केलेले असते आणि तसेच राहते, कधी कधी पासवर्डाविना.

सिग्नल पोहोचत नाही म्हणून आतल्या खोलीत बसवलेला रिपीटर किंवा जुना राउटर यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. त्यातही जो जुना राउटर केबलने मुख्य राउटरला जोडलेला असतो, त्याचे स्वतःचे नाव, स्वतःचा पासवर्ड, स्वतःचे डब्ल्यूपीएस आणि स्वतःचे व्यवस्थापन पान असते. मुख्य राउटरवर आपण कितीही कडेकोट बंदोबस्त केला, तरी या दुसऱ्या राउटरमधून येणारे उपकरण केबलने आत आल्यासारखे दिसते आणि मुख्य पासवर्डशी त्याचा संबंधच येत नाही. परके उपकरण वायफायच्या यादीत न दिसता केबलच्या यादीत दिसत असेल, तर अशाच एखाद्या पेटीचा शोध घ्यावा. राउटरच्या मागे जाणारी प्रत्येक केबल कुठे संपते ते हाताने धरून पाहण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. वायफायने जोडणारा प्रिंटरही स्वतःचे एक छोटे नेटवर्क प्रसारित करत असतो. वापर नसेल तर तेही बंद करता येते.

घरातूनच बाहेर जाणारा पासवर्ड

हे कारण तांत्रिक नाही, म्हणून ते मागे पडते. अँड्रॉइड १० पासून फोनमध्ये जोडलेल्या वायफायचा क्यूआर कोड दाखवता येतो. त्या चौकटीत पासवर्ड कोणत्याही सांकेतिक रूपाविना, जसाच्या तसा लिहिलेला असतो. त्याचे छायाचित्र काढले आणि कोणाला पाठवले, की पासवर्ड पाठवल्यासारखेच झाले. शिवाय एकाच खात्याने चालणाऱ्या अनेक उपकरणांत वायफायचे पासवर्ड खात्यामार्फत आपोआप पोहोचतात. जुना फोन कोणाला देताना त्यातील खाते काढले नसेल, तर आज घरी बदललेला पासवर्ड तिकडेही जाऊ शकतो.

यावरचा माझा उपाय घरातल्यांवर संशय घेण्याचा नाही. मुलांचे मित्र येतात, नातेवाईक येतात, दुरुस्ती करणारे येतात, आणि पासवर्ड मागितल्यावर नकार देणे अवघड जाते. म्हणून मागणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला वेगळा पासवर्ड ठेवावा, आतील उपकरणे दिसू न देण्याची सेटिंग चालू करावी आणि तो पासवर्ड अधूनमधून बदलत राहावे. मुख्य पासवर्ड मग कोणालाच द्यावा लागत नाही. स्मार्ट दिवे, प्लग आणि कॅमेरे यांनाही शक्य तिथे याच वेगळ्या नेटवर्कवर ठेवावे, कारण त्यांना सुरक्षेची अपडेट फार काळ मिळत नाहीत. ही सर्व व्यवस्था करण्याआधी आपल्या खात्यात कोणकोणती उपकरणे नोंदलेली आहेत ते पाहून जुनी काढून टाकावीत.

पासवर्डचा अंदाज कधी बांधता येतो

वरील कोणतेच कारण लागू पडले नाही, तर पासवर्डकडे वळावे. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत उपकरण राउटरला जोडताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. जवळपास असलेली व्यक्ती ती टिपून घेऊ शकते आणि पुढे निवांतपणे, आपल्या राउटरच्या आसपासही न राहता, एकेक शब्द लावून पाहू शकते. २०१८ मध्ये तर काही राउटरांच्या बाबतीत कोणतेही उपकरण जोडले जाण्याची वाट न पाहताच असा तपासता येणारा मजकूर राउटरकडून मिळवण्याची पद्धत उघड झाली. पासवर्डपासून किल्ली तयार करताना नेटवर्कचे नाव त्यात मिसळून ४,०९६ वेळा प्रक्रिया केली जाते, त्यामुळे प्रत्येक अंदाजाला थोडा वेळ लागतो; पण आधुनिक संगणकाला त्याचे ओझे वाटत नाही. मोबाइल क्रमांकासारखा नुसत्या अंकांचा पासवर्ड, नावापुढे जन्मसाल, किंवा जुन्याच पासवर्डच्या शेवटी १ च्या जागी २, असे बदल या पद्धतीपुढे टिकत नाहीत. एकदा जुना पासवर्ड सापडलेल्याला त्यातील क्रम ओळखणे तर अगदीच सोपे जाते. म्हणून नव्या पासवर्डचा जुन्याशी काहीही संबंध नसावा. आठ ते ६३ अक्षरांची मर्यादा आहे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, वीसहून अधिक अक्षरे भरतील असे, निवडले तर ते लक्षातही राहतात आणि टिकतातही. नेटवर्कचे कारखान्यातील नाव बदलावे, कारण प्रचलित नावांसाठी आधीच तयार केलेले तक्ते उपलब्ध असतात. मात्र नव्या नावात आडनाव किंवा घर क्रमांक घालू नये.

सुरक्षेचा प्रकार निवडताना डब्ल्यूपीए३ उपलब्ध असेल तर तो घ्यावा. २०१८ मध्ये आलेल्या या पद्धतीत प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष संवाद करावा लागतो, त्यामुळे टिपून नेऊन घरी बसून अंदाज बांधण्याची वाट बंद होते. जुनी उपकरणे असल्यामुळे डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र प्रकार ठेवावा लागला, तर डब्ल्यूपीए२ ने जोडणाऱ्या उपकरणांपुरता जुना धोका कायम राहतो आणि पासवर्डची लांबी पुन्हा महत्त्वाची ठरते. फक्त डब्ल्यूपीए२ असेल तर त्यातील सांकेतिकीकरणाच्या दोन प्रकारांपैकी एईएस निवडावे, जुने टीकेआयपी नाही. डब्ल्यूईपी हा सर्वांत जुना सुरक्षा प्रकार मात्र कोणत्याही कारणाने ठेवू नये. २००७ मध्येच त्याची १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत शोधता येते हे दाखवले गेले होते, आणि तिथे पासवर्ड कितीही चांगला असला तरी फरक पडत नाही. काही दोष असे असतात की पासवर्ड बदलणे त्यांना लागूच पडत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये संशोधक माथी व्हानहूफ यांनी उघड केलेला डब्ल्यूपीए२ मधील ‘क्रॅक’ नावाचा दोष त्यांपैकीच. तो फोन, लॅपटॉप आणि राउटर यांच्या अपडेटनेच दूर होतो.

दुरुस्तीचा क्रम

आता प्रत्यक्ष काम. ते अर्धवट सोडू नये आणि क्रम बदलू नये, कारण मधल्या कोणत्याही पायरीवर जुनी वाट उघडी राहिली तर नवा पासवर्ड तिच्यातून निसटतो.

सुरुवातीला राउटरमधील इंटरनेट जोडणीची माहिती, विशेषतः पुरवठादाराने दिलेले लॉगिन नाव व पासवर्ड, लिहून घ्यावी. ती नसेल तर रीसेटनंतर इंटरनेट सुरू होणार नाही आणि पुरवठादाराकडे जावे लागेल. राउटरच्या मॉडेलचे नवे फर्मवेअर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच संगणकावर उतरवून ठेवावे. त्यानंतर बाहेरून येणारी इंटरनेटची केबल काढावी, घरातील रिपीटर आणि जुने राउटर बंद करावेत, आणि एक संगणक केबलने राउटरला जोडावा. काम वायफायवरून करू नये. मग राउटरच्या मागील बारीक छिद्रातील बटण सुमारे दहा सेकंद दाबून त्याला मूळ स्थितीत आणावे.

राउटर पुन्हा सुरू झाल्यावर सर्वांत आधी व्यवस्थापन पानाचा पासवर्ड बदलावा. नंतर फर्मवेअर बसवावे, आणि ते बसवताना वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी. मग डब्ल्यूपीएस, दूरस्थ व्यवस्थापन आणि यूपीएनपी बंद करावे, डीएनएस पाहावे, गेस्ट नेटवर्क तूर्त बंद असल्याची खात्री करावी. एवढे झाल्यावरच दोन्ही बँडांना नवे नाव, योग्य सुरक्षा प्रकार आणि नवा पासवर्ड द्यावा. जुन्या सेटिंग्जची जतन केलेली फाइल असेल तर ती मुळीच परत भरू नये, कारण तिच्याबरोबर जुने दोषही परत येतात. इंटरनेटची केबल जोडून संपर्क तपासावा.

यापुढचा भाग घाईत उरकला जातो आणि त्यामुळेच समस्या पुन्हा उद्भवते. उपकरणे एकेक करून जोडावीत, प्रत्येक जोडल्यावर यादीतील त्याचा पत्ता कागदावरील तक्त्यात लिहावा, आणि राउटरमध्ये सोय असेल तर त्या नोंदीला ओळखीचे नाव द्यावे. रिपीटर वापरायचाच असेल तर त्यालाही आधी रीसेट करून, त्याचे डब्ल्यूपीएस बंद करून, नव्या पासवर्डाने हाताने जोडावे.

ज्या उपायांवर वेळ घालवू नये

नेटवर्कचे नाव लपवल्याने ते लपत नाही. जोडलेली उपकरणे बोलू लागली की नाव हवेतून वाचता येते, आणि वर आपले फोन बाहेर असतानाही त्या नावाला हाका मारत राहतात. मॅक पत्त्यांची यादी करून बाकीच्यांना मज्जाव करण्याचा उपायही कमकुवत आहे, कारण हे पत्ते उघडपणे प्रसारित होतात आणि त्यांची नक्कल करणे सोपे आहे. शिवाय फोन स्वतःच पत्ते बदलत असल्यामुळे या यादीत अडकतात ती बहुधा आपलीच माणसे.

त्यानंतरही नोंद परत आली तर

तक्ता हाताशी असल्यामुळे आता प्रश्न नेमका झालेला असतो. दोन आठवडे दिवसाआड यादी पाहावी. नवी नोंद दिसली की पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह पाहावे, ती केबलची आहे की वायफायची आणि कोणत्या बँडवर आहे ते पाहावे, आणि त्या दिवशी घरात कोणी नवा फोन जोडला का ते विचारावे. परके उपकरण निश्चित झाले आणि डब्ल्यूपीएस बंद असूनही ते येत असेल, तर गेस्ट नेटवर्क बंद करून, बाकी सगळे तसेच ठेवून मुख्य पासवर्ड बदलावा आणि तो तीन दिवस फक्त एकाच उपकरणात भरावा. त्या तीन दिवसांत परके उपकरण आले नाही, तर पासवर्ड उरलेल्या उपकरणांपैकी किंवा खात्यांपैकी कुठूनतरी बाहेर जात होता. ती एकेक करून जोडत गेले की कोणत्या जोडणीनंतर ते परत येते हे कळते. तीन दिवसांतही ते आलेच, तर ते एक उपकरण दुसऱ्याने बदलून हीच चाचणी पुन्हा करावी. दुसऱ्या वेळीही तसेच घडले आणि राउटरला उत्पादकाकडून अपडेट मिळणे थांबलेले असेल, तर तो राउटर काढून नवा बसवावा, आणि जुना रिपीटर म्हणून आतल्या खोलीत पुन्हा लावू नये.